बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये श्रावणात कुठे जेवावे?

पांढरा समुद्र (रत्नागिरी)

सप्रेम नमस्कार.

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे प्रथमच अमेरिकेत, बॉस्टनजवळ राहणाऱ्या मुलाकडे जात आहोत. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीत असल्यामुळे दोन दिवस आम्हाला शहरात आमचे आम्हीच हिंडायचे आहे, आणि त्यातला एक दिवस नॉर्थ एंड या जुन्या इटालियन वस्तीसाठी राखून ठेवावा असे मुलाने सुचवले आहे. पॉल रिव्हिअरचे घर, ओल्ड नॉर्थ चर्च वगैरे कसे पाहावे याची माहिती भरपूर मिळाली. जेवणाबद्दल मात्र जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो आहे, कारण प्रत्येक यादीत तीच दहा नावे असतात आणि प्रत्येक नावाखाली एक जण ‘स्वर्गीय’ म्हणतो, तर दुसरा ‘पैसे पाण्यात गेले’ असे लिहितो.

आमची अडचण थोडी वेगळी आहे. यजमानांना मासळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, आणि ते श्रावणही मानत नाहीत. मी श्रावण पाळते, म्हणजे महिनाभर मासे, मटण आणि अंडे वर्ज्य. कांदा-लसूण मात्र चालतो. गाईचे आणि डुकराचे मांस आम्हा दोघांनाही नको. माझे गुडघे दुखत असल्याने तासभर रांगेत उभे राहणे जमणार नाही. दोघांचे दिवसभराचे खाणे शंभर डॉलरच्या आत बसावे अशी इच्छा आहे. एखाद्या चांगल्या हॉटेलात दुपारी स्वस्थ बसून जेवावे, की तिथली काही वेगळी रीत आहे? ज्यांनी प्रत्यक्ष खाल्ले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

असगोली (गुहागर)

नमस्कार ताई. 2008 ते 2019 अशी अकरा वर्षे आम्ही नदीच्या पलीकडे केंब्रिजमध्ये राहत होतो आणि महिन्यातून एकदा तरी नॉर्थ एंडला जात होतो, म्हणून थोडे लांबण लावते.

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एकाच हॉटेलात बसून पहिल्या घासापासून गोडापर्यंत सगळे उरकणे ही नॉर्थ एंडमधली सर्वांत मोठी चूक, आणि ती आम्ही पहिल्याच वर्षी केली. हॅनोव्हर स्ट्रीट हा तिथला मुख्य रस्ता. त्या रस्त्यावरच्या एका प्रशस्त हॉटेलाच्या दारात उभा असलेला गृहस्थ इतक्या अगत्याने बोलावत होता की आम्ही आत गेलो. पास्ता शिजून लगदा झालेला, त्यावरचा टोमॅटोचा सॉस गोडमिट्ट, आणि बिल चौघांचे दीडशे डॉलरच्या वर. तेव्हापासून मी एक नियम केला की जिथे दारातून बोलावतात तिथे जायचे नाही, आणि जिथे आतल्या माणसाला आपल्याकडे पाहायलाही फुरसत नाही तिथे जायचे.

या वस्तीत गल्ल्या अरुंद, इमारती जुन्या आणि तळमजल्यावरचे गाळे अगदी लहान आहेत. पुष्कळ हॉटेलांच्या स्वयंपाकघरात गोड पदार्थ किंवा कॉफी करायला जागाच नसते, त्यामुळे ती ठेवतही नाहीत. एका ठिकाणी जेवावे, तिथून उठून पेस्ट्रीच्या दुकानात गोड खावे आणि तिसऱ्या ठिकाणी कॉफी प्यावी, ही तिथल्या लोकांचीच पद्धत आहे. आपल्या गुडघ्यांचा विचार केला तरी हे बरे, कारण चालण्याचे अंतर प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटांचेच असते आणि दर तासाला बसायला मिळते.

मुलाच्या गाडीने जाऊ नका. तिथले बहुतेक पार्किंग रहिवाशांसाठी राखीव आहे. मेट्रोच्या ग्रीन किंवा ऑरेंज लाइनने हेमार्केट स्टेशनला उतरावे आणि समोरची लांबलचक बाग ओलांडावी, की वस्ती सुरू होते. त्या बागेच्या जागी पूर्वी उंच खांबांवरचा महामार्ग होता. 1950 च्या दशकात बांधलेल्या त्या रस्त्याने नॉर्थ एंडला उरलेल्या शहरापासून अक्षरशः तोडून ठेवले होते; पुढे सगळी वाहतूक भुयारात नेली आणि 2008 मध्ये बाग खुली झाली. मला नेहमी वाटते की इतकी दशके पुलापलीकडे पडल्यामुळेच या वस्तीतली जुनी दुकाने टिकली, आणि बाग झाल्यावर सगळे शहर चालत आत आले, तेव्हा दारातून बोलावणारी हॉटेले वाढली.

आता खाण्याकडे. अकराच्या सुमारास हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या गॅलेरिया उंबेर्तोमध्ये जावे. ही साधी, कॅन्टीनसारखी जागा आहे: काउंटरवरून ताटली घ्यायची, मिळेल त्या टेबलाशी बसायचे. सिसिलियन पद्धतीचा जाड, चौकोनी पिझ्झा हा तिथला मुख्य पदार्थ. वर टोमॅटो आणि चीज, बाकी काही नाही. मी असताना ते फक्त दुपारीच उघडे असे, रविवारी बंद, आणि माल संपला की दार लागे. पैसे रोखच घेत. एका माणसाचे पोट पाच-सहा डॉलरांत भरत असे. 2018 मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा (अमेरिकेतला हॉटेलांसाठीचा मोठा पुरस्कार देणारी संस्था) ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा मान मिळाला, तरी ताटल्या कागदाच्याच राहिल्या. रांग दिसली तर घाबरू नका, ती भराभर सरकते. तिथला आरांचिनी हा तळलेला भाताचा गोळा मात्र आपण दोघांनीही टाळावा, कारण आत खिमा असतो. जाण्यापूर्वी उघडे असल्याची खात्री सूनबाईंकडून करून घ्यावी, कारण तिथे उन्हाळ्यात सुट्टी घेण्याची पद्धत होती.

एक गोष्ट मनात धरून जावे. इथले जेवण इटलीतल्यासारखे नाही अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती खरीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे इटलीच्या दक्षिणेकडून, नेपल्स आणि सिसिली भागातून आलेल्या कष्टकऱ्यांनी इथे जे मिळाले त्यावर आपली चूल चालवली. गावी मांस क्वचित दिसे, इथे ते स्वस्त मिळाले, म्हणून मांसाचे गोळे मोठे झाले आणि सॉस पातेलेभर झाला. गिरणगावातल्या खानावळीत चाकरमान्याला मिळालेले मालवणी जेवण आणि त्याच्या आईने मालवणात रांधलेले जेवण यांत जेवढे अंतर, तेवढे हे अंतर आहे. खानावळीचे जेवण खोटे आहे असे आपण कधी म्हणत नाही.

दुपारी दीडच्या सुमारास सेलम स्ट्रीटवर पोल्कारीज नावाचे, 1932 पासूनचे कॉफीच्या बियांचे आणि मसाल्यांचे दुकान आहे. आत शिरताच आपल्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानाची आठवण होते, कारण पिशव्या, बरण्या, तराजू आणि वास हे सगळे तसेच आहे. उन्हाळ्यात तिथे लिंबाचा भुरभुरीत बर्फ कपात घालून देतात. उकाड्यात त्याच्यासारखे दुसरे काही नाही आणि ते आपल्या श्रावणातही बसते. कॉफीसाठी हॅनोव्हर स्ट्रीटवरचे कॅफे व्हित्तोरिया. 1929 चे आहे, बसायला निवांत आहे, आणि एका कपावर अर्धा तास बसले तरी कोणी उठवत नाही.

हर्णै बंदर (दापोली)

मासळीचा भाग मी घेतो. मर्चंट नेव्हीतली माझी बहुतेक वर्षे इंजिनरूममध्ये गेली, पण जहाज बॉस्टनला लागले की नॉर्थ एंड धक्क्यापासून जवळ पडे, त्यामुळे चार-पाच वेळा तिथे जेवलो आहे. शिवाय गेल्या वर्षी मुलीबरोबर पुन्हा जाणे झाले.

यजमानांना हॅनोव्हर स्ट्रीटवरच्या डेली कॅचमध्ये न्या. 1973 पासूनची ही सिसिलियन मासळीची जागा आहे, जेमतेम वीस माणसे बसतील एवढी, आणि चूल आपल्या डोळ्यांसमोर असते. ज्या तव्यात शिजवतात तोच तवा टेबलावर आणून ठेवतात, त्यामुळे ताटलीची भानगड नाही. माकूल ही त्यांची खासियत. माकलाच्या शाईत मळलेला काळा पास्ता, लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेला, त्यात माकलाचा बारीक खिमा. दिसायला काळाकुट्ट, पण चवीला आपल्या तोंडाला एकदम ओळखीचा. आपल्याकडे माकूल साफ करताना ती शाईची पिशवी आपण टाकून देतो, याचे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटले.

दुसरा पदार्थ म्हणजे लिंग्विनी विथ क्लॅम्स, म्हणजे चपट्या शेवयांवर शिंपल्यांसकट तिसऱ्या. मागवताना ‘व्हाइट की रेड’ असे विचारतील. पांढरा म्हणजे लसूण, वाइन आणि तेलाचा, लाल म्हणजे टोमॅटोचा. पांढराच घ्यावा, तिसऱ्यांचे स्वतःचे पाणी त्यात उतरते आणि टोमॅटोने ते झाकले जात नाही. ज्याच्या नावात ‘फ्रा दियाव्होलो’ असेल तो तिखट. त्यांच्या हिशेबाने तिखट, एवढे ध्यानात ठेवावे. लाल मिरचीचे तुकडे मागितले तर वाटीभर आणून देतात. मासळीच्या पास्त्यावर किसलेले चीज मागू नये. कोणी रागावणार नाही, पण वाढणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि खरे म्हणजे चव बिघडतेच.

शेवंड मात्र इथे मागवू नका. उत्तर अटलांटिकचा शेवंड उत्तमच आहे, पण तो इटालियन सॉसमध्ये चीज-टोमॅटोखाली बुडवून दुप्पट पैशांना खाण्यापेक्षा कुठल्याही धक्क्यावर साधा उकडलेला खावा.

तारखा अजून ठरल्या नसतील तर आणखी एक सांगतो. ऑगस्टच्या मध्यावर तिथे ‘फिशरमन्स फीस्ट’ असतो. सिसिलीतल्या शाक्का नावाच्या बंदरावरून आलेल्या मच्छीमारांनी 1910 च्या सुमारास सुरू केलेला हा उत्सव. मेरीमातेची मूर्ती खांद्यावरून मिरवत नेतात, लोक तिला नोटा अर्पण करतात, पाण्याच्या काठी जाऊन समुद्राला आशीर्वाद देतात, आणि शेवटच्या दिवशी देवदूत झालेल्या एका मुलीला दोराने खिडकीतून मूर्तीपर्यंत खाली आणतात. शिमग्याची पालखी आणि नारळी पौर्णिमा एकाच वेळी पाहिल्यासारखे मला वाटले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याच्या अखेरीस सेंट अँथनीचा उत्सव असतो, तो 1919 पासूनचा आणि त्याहून मोठा. मात्र उत्सवात पाहावे जास्त, खावे कमी. गाड्यांवर मुख्यतः डुकराचे सॉसेज, सिमला मिरची आणि कांदा घातलेले पाव असतात; यजमानांना तळलेले माकूल मिळेल, ताईंना फारसे काही मिळणार नाही, आणि हॉटेलांतली गर्दी त्या दिवसांत असह्य असते.

खाडीपट्टा (चिपळूण)

वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, पण पिझ्झ्याच्या बाबतीत नाही. उंबेर्तोचा पिझ्झा स्वस्त आणि चांगला आहे. तरीही नॉर्थ एंडला जाऊन थॅचर स्ट्रीटवरच्या रेजिना पिझ्झेरियात न जाणे म्हणजे मालवणला जाऊन किल्ला न पाहणे. 1926 पासून ती त्याच कोपऱ्यावर आहे, भट्टी विटांची आहे, आणि पिझ्झ्याची कड भाजून काळपट, फुगीर होते, तशी त्यांच्याच इतर शाखांत होत नाही. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी रांग रस्त्यापर्यंत येते. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी अडीच-तीनला गेलात तर थेट बसायला मिळेल. ‘पेपरोनी’ आणि ‘सॉसेज’ हे दोन शब्द यादीत दिसले की तो पिझ्झा मांसाचा समजून पुढचे नाव वाचावे.

गोडाबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. कॅनोली म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नळीत रिकोटा चीजचे गोड सारण. तिथले लोक यावरून दोन तटांत विभागले आहेत: 1946 च्या माइक्स पेस्ट्रीचे आणि 1930 च्या मॉडर्न पेस्ट्रीचे. माइक्सकडे प्रकार अनेक, नळ्या मोठ्या, आणि दोऱ्याने बांधलेला पांढरा-निळा खोका हातात घेऊन पर्यटक शहरभर फिरताना दिसतात. मॉडर्नमध्ये मागितल्यावर समोर सारण भरून देतात, म्हणून नळी मऊ पडत नाही. मी मॉडर्नचा. करंजी भरून दोन दिवस ठेवली तर तिचे काय होते हे आपल्या घरात कोणाला सांगायला नको.

वेंगुर्ल्याची नात

नमस्कार काकू. मी सध्या बॉस्टनमध्येच शिकते आणि अंडेही खात नाही, त्यामुळे आपल्या श्रावणाचा प्रश्न मला रोजच पडतो. गोडाबद्दलच आधी लिहिते, कारण वरच्या काकांचा सल्ला ऐकून आपण कॅनोली घ्याल. नळीचे पीठ पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत आणि वाइनमध्ये मळतात, आणि अंडेही घालतात. आता अनेक ठिकाणी चरबीऐवजी दुसरे काही वापरतात, पण प्रत्येक दुकानाचे वेगळे असते, म्हणून काउंटरवर ‘लार्ड’ आणि ‘एग’ हे दोन शब्द उच्चारून विचारावे. तिरामिसूमध्ये अंडी असतातच, वर बहुधा मद्यही. काकूंसाठी सर्वांत निर्धास्त गोड म्हणजे फळांचे सोर्बे किंवा वर सांगितलेला लिंबाचा बर्फ.

पास्त्यात एक साधा भेद लक्षात ठेवावा. ताजा, घरी मळलेला पास्ता बहुधा अंड्याचा असतो. कोरडा, पाकिटातला पास्ता रवाळ गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्याचाच असतो. मोठ्या हौसेने ‘होममेड’ लिहिलेले असले की आपण नेमके ते टाळायचे. कोरडी स्पॅगेटी मारिनारा सॉसमध्ये मागवावी. या नावात समुद्र असला तरी सॉसमध्ये टोमॅटो, लसूण, तेल आणि पाने एवढेच असते. लसूण आणि तेलाची ‘आलियो ए ओलियो’ ही दुसरी. वांग्याचे ‘एगप्लांट पार्मिजाना’ पाहून तोंडाला पाणी सुटते, पण वांग्याच्या कापांना बहुतेक ठिकाणी अंड्यात बुडवूनच तळतात. मिनेस्ट्रोने सूप आणि रिसोट्टो यांत कोंबडीचे किंवा मांसाचे पाणी असण्याची शक्यता मोठी. सीझर सॅलडमध्ये छोट्या माशांची पेस्ट असते. हे मला तिसऱ्या वेळेस खाल्ल्यावर कळले, आणि तो श्रावण मोडला.

चीजचे आपण किती काटेकोर पाळता यावर बाकीचे ठरेल. खरे पार्मिजानो वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात, तो त्याचा नियमच आहे. मी ते न घालता मागते. पिझ्झ्यावरच्या मोझ्झरेलाबद्दल विचारून घ्यावे, किंवा पिझ्झा मारिनारा घ्यावा. त्यात चीज नसतेच. पिझ्झ्याच्या पिठात अंडे नसते, त्यामुळे काकूंची मुख्य भिस्त पिझ्झ्यावर ठेवणे चांगले. उंबेर्तोमध्ये पान्झारोत्ती म्हणून बटाट्याची लांबट कटलेटे मिळतात; बटाटवड्याची इटालियन बहीण म्हणता येईल, पण बांधणीत अंडे आहे का ते विचारावे.

पांढरा समुद्र (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना हर्णैकरांचा काळा पास्ता वाचून दाखवला तेव्हापासून ते विमानाची तिकिटे पुन्हा पुन्हा काढून पाहत आहेत.

आता असे ठरवले आहे. उत्सवाचे दिवस टाळून मंगळवारी जायचे. अकराला उंबेर्तोमध्ये मी पिझ्झा खाईन, यजमान एखादा तुकडा चाखतील. मग पॉल रिव्हिअरचे घर पाहून, अडीचच्या सुमारास डेली कॅचमध्ये यजमान जेवतील आणि मी त्यांच्यासमोर बसून मारिनारा मिळते का ते विचारीन. न मिळाल्यास पाव आणि सॅलड. रेजिना दुसऱ्या खेपेस मुलाबरोबर. फक्त दोन शंका उरल्या. एक म्हणजे तिथे बक्षिशी किती द्यावी याबद्दल मुलगा आणि सून वेगवेगळे आकडे सांगतात. दुसरी, पदार्थ खूप मोठे असतात असे ऐकते, तर दोघांत एक मागवलेले चालते का?

असगोली (गुहागर)

ताई, बेत चांगला आहे. फक्त डेली कॅचमध्ये पोहोचल्यावर, बसण्यापूर्वीच आपल्यासाठी काय करून देता येईल ते विचारून घ्यावे, कारण त्या छोट्या चुलीवर जवळजवळ सगळे मासळीचेच असते आणि तवेही तेच. श्रावणात ते चालणार नसेल तर आपण उंबेर्तोमध्येच पोटभर खाऊन घ्यावे.

बक्षिशी टेबलावर येऊन वाढणाऱ्या हॉटेलात 18 ते 20 टक्के, काउंटरवरून स्वतः आणले तर सक्ती नाही, डब्यात एखादा डॉलर टाकावा. बॉस्टनमध्ये जेवणावर 7 टक्के कर लागतो, तो यादीतल्या किमतीत धरलेला नसतो. म्हणजे पदार्थांची किंमत 60 डॉलर असेल तर कर 4.20, वीस टक्के बक्षिशी 12, एकूण 76.20. बक्षिशी कर धरण्यापूर्वीच्या रकमेवर काढावी. उंबेर्तो, लिंबाचा बर्फ आणि कॉफी मिळून वीस-पंचवीस डॉलर धरले तरी आपले शंभर जेमतेम पुरतील, म्हणून डेली कॅचमध्ये एकच मुख्य पदार्थ मागवावा. दोघांत एक घेतलेले चालते. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावतात आणि तसे यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. उरलेले खुशाल बांधून मागावे, त्यात तिथे कोणालाही संकोच वाटत नाही. काही जुन्या जागा अजून रोखच घेतात, तेव्हा पर्समध्ये साठ-सत्तर डॉलरच्या सुट्या नोटा असू द्याव्यात.

हर्णै बंदर (दापोली)

यजमानांना एक निरोप द्यावा: काळा पास्ता खाल्ल्यावर दात आणि ओठ तासभर काळे राहतात. फोटो आधी काढून घ्यावेत, आणि त्या दिवशी पांढरा सदरा घालू नये.